‘मस्ट नॉट’ने घातलेली बंदी : मोडल क्रियापदांचं एक प्रकरण

परदेशातल्या ग्राहकाने विचारलं होतं, ‘डू वी हॅव टू रीस्टार्ट द सर्व्हर आफ्टर द अपडेट?’ उत्तर गेलं, ‘नो, यू मस्ट नॉट रीस्टार्ट द सर्व्हर.’ लिहिणाऱ्या बाईंच्या मनात मराठी वाक्य होतं, ‘रीस्टार्ट करायला नको.’ म्हणजे तेवढी तसदी घेऊ नका, त्याशिवायही काम भागेल. वाचणाऱ्याने मात्र बंदी वाचली. त्यांच्याकडे त्या रात्री सर्व्हर नेहमीप्रमाणे बंद करून पुन्हा सुरू करायचा होता. ते काम त्यांनी थांबवलं, टीममध्ये ‘कोणीही हात लावायचा नाही’ असा निरोप फिरवला आणि सकाळी विचारणा केली की रीस्टार्ट केल्यास नेमका धोका काय. धोका काहीच नव्हता. नुकसानही फार झालं नाही, पण खुलासे करण्यात वेळ गेला आणि बाईंच्या साहेबांनी त्यांना इंग्रजी सुधारण्यासाठी माझ्याकडे पाठवलं.

त्यांचं नाव आणि कंपनी इथे सांगत नाही. त्या टेक्निकल सपोर्टच्या टीम लीडर आहेत. विज्ञान शाखेच्या पदवीधर, इंग्रजी वाचन दिवसभर, कामातलं ज्ञान पक्कं. ज्यांना इंग्रजी ‘येत नाही’ अशांपैकी त्या अजिबात नाहीत. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. मोडल क्रियापदं, म्हणजे मुख्य क्रियापदाला सक्ती, परवानगी, शक्यता अशी छटा देणारी कॅन, मस्ट, शुड यांसारखी सहायक क्रियापदं, बिघडतात ती बहुतेक अशाच, बाकी सगळं व्यवस्थित लिहिणाऱ्या माणसांची. आणि ती बिघडली की वाक्य व्याकरणात बरोबरच दिसतं, म्हणून कोणी लाल रेघ मारत नाही. अर्थ तेवढा दुसराच जातो.

रिकाम्या जागा बरोबर, ईमेल चूक

सुरुवातीला मी त्यांना नेहमीची चाचणी दिली. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही मुख्य नऊ, शिवाय हॅव टू, नीड, ऑट टू यांसारखी आजूबाजूची मंडळी. रिकाम्या जागा भरा, योग्य पर्याय निवडा. त्यांनी जवळजवळ सगळं बरोबर सोडवलं. ‘उद्या सुट्टी आहे, तेव्हा लवकर उठायचं कारण नाही’ अशा आशयाच्या वाक्यात ‘डोन्ट हॅव टू’ लिहिलं आणि रुग्णालयात धूम्रपानाच्या वाक्यात ‘मस्ट नॉट’ लिहिलं. ज्या फरकावरून सगळं रामायण घडलं, तो फरक त्यांना शाळेपासून माहीत होता!

मग चाचणी बाजूला ठेवली आणि त्यांनी पाठवलेले जुने ईमेल मागवले, ग्राहकांची नावं खोडून. तिथे चित्र वेगळं होतं. ‘वी कॅन एबल टू सी द एरर’, ‘यू विल कॅन डाउनलोड’, ‘यू मस्ट सेंड अस द लॉग्ज’ (लॉग म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली कामाची नोंद), ‘आय वुड सेंड द रिपोर्ट टुमॉरो’, ‘यू शुड टेक बॅकअप बिफोर अपडेट’. यातल्या शेवटच्या वाक्याचा अभिप्रेत अर्थ होता, ‘अपडेट करण्याआधी बॅकअप घ्यायला हवा होता, तो तुम्ही घेतला नाहीत.’ ग्राहकाने पुढच्या वेळेसाठी दिलेला सल्ला समजून आभार मानले होते.

चाचणीत आणि ईमेलमध्ये एवढं अंतर का? माझं मत असं झालं की चाचणीतलं वाक्य आधीपासून इंग्रजीत उभं असतं, फक्त एक जागा मोकळी असते. ईमेलमधलं वाक्य मराठीत जन्मतं. तिथे बाई मनातल्या मराठी वाक्यातला एक शब्द उचलत आणि त्याला ठरलेलं इंग्रजी मोडल लावत. शकणे म्हणजे कॅन. पाहिजे म्हणजे मस्ट. पाहिजेच्या उलट नको, म्हणून नको म्हणजे मस्ट नॉट. असेल म्हणजे मे बी. ही जोड त्यांनी कधी मुद्दाम पाठ केली नव्हती, पण शाळेच्या गाइडमधून ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेली असते.

म्हणून नियमांची नवी यादी द्यायची नाही असं मी ठरवलं. यादी त्यांच्याकडे होतीच. दुरुस्ती एक पायरी आधी, मराठी वाक्यात करायला हवी होती.

‘नको’च्या पोटात काय आहे

पहिला धडा त्याच वाक्याचा. ‘करायला नको’ हे मराठी वाक्य दोन कामं करतं. ‘ताप उतरला, आता औषध घ्यायला नको’ यात गरज संपली आहे. घेतलं तरी कोणी रागावणार नाही. ‘त्याने सगळ्यांसमोर असं बोलायला नको’ यात बोलणं चुकीचं आहे. आपण बोलताना आवाजावरून आणि प्रसंगावरून फरक ओळखतो. ईमेलला आवाज नसतो.

पण मराठीकडे याहून धारदार वाक्यं आहेत. मी बाईंना विचारलं, “तुम्हाला ‘रीस्टार्ट करता कामा नये’ म्हणायचं होतं, की ‘रीस्टार्ट करावं लागत नाही’?”

“अहो मॅडम, करावं लागत नाही! कामा नये कशाला म्हणेन मी?”

उत्तर यायला क्षणही लागला नाही. ‘करता कामा नये’ म्हटलं की ‘मस्ट नॉट’ आपोआप बसतं. ‘करू नये’ म्हटलं की ‘शुड नॉट’. ‘करावं लागत नाही’, ‘करायची गरज नाही’, ‘नाही केलं तरी चालेल’ या तिन्हींना ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘डोन्ट नीड टू’. ‘करता येत नाही’ला ‘कॅनॉट’. मराठीत हे सगळं इतकं नेमकं उपलब्ध असताना आपण इंग्रजी लिहिताना नेमकं ढोबळ मराठी मनात आणतो. का, ते मला सांगता येणार नाही. घाईत असताना सगळ्यात छोटं वाक्य हाताला लागतं, एवढं खरं.

यामागचं व्याकरण बाईंना आवडलं, कारण त्यांचं डोकं तर्काचं आहे. प्रश्न असा, की ‘नाही’ नेमकं कशावर पडतंय? ‘डोन्ट हॅव टू गो’मध्ये ते सक्तीवर पडतं : सक्ती नाही, जा किंवा जाऊ नका. ‘मस्ट नॉट गो’मध्ये ते जाण्यावर पडतं : न जाण्याचीच सक्ती. होकारात ‘मस्ट गो’ आणि ‘हॅव टू गो’ शेजारी शेजारी बसतात, नकारात एकदम दोन टोकांना जातात. होकारावरून नकार बनवायला जाणारा माणूस इथेच फसतो.

‘मे नॉट’ तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाच फसवतं. ‘यू मे नॉट एंटर’ म्हणजे आत जायला मनाई. ‘ही मे नॉट कम’ म्हणजे तो कदाचित येणार नाही. तेच शब्द, पण एकीकडे परवानगी नाकारली आहे आणि दुसरीकडे येण्याबद्दल शंका आहे. तांत्रिक लिखाणात हे शब्द टाळावेत असं मी बाईंना सांगितलं, आणि तेव्हा त्यांनीच एक गोष्ट पुढे केली, जिने प्रकरणाचा दुसरा धागा सापडला.

हुकमी ‘मस्ट’ आला कुठून

इंटरनेटच्या तांत्रिक मानकांमध्ये, ज्यांना आरएफसी म्हणतात, 2119 क्रमांकाचा एक छोटा दस्तऐवज आहे. स्कॉट ब्रॅडनर यांनी तो मार्च 1997 मध्ये लिहिला. मानकांमध्ये मस्ट, शॅल, शुड, मे हे शब्द कोणत्या अर्थाने वापरायचे एवढंच त्यात ठरवून दिलं आहे. ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ म्हणजे संपूर्ण सक्ती, दोघांत फरक नाही. ‘शुड’ म्हणजे शिफारस : विशिष्ट परिस्थितीत ती बाजूला ठेवायला रास्त कारण असू शकतं, पण परिणामांचा पुरता विचार करूनच. ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. यादीत ‘मस्ट नॉट’ आहे, ‘शॅल नॉट’ आहे, ‘शुड नॉट’ आहे. ‘मे नॉट’ नाही. मे 2017 मध्ये 8174 क्रमांकाच्या आरएफसीने खुलासा केला की हे खास अर्थ शब्द मोठ्या लिपीत असतील तेव्हाच लागू. लहान लिपीत त्यांचा नेहमीचा इंग्रजी अर्थ घ्यायचा. म्हणजे जाणकारांमध्येही या शब्दांवरून गोंधळ व्हायचा.

बाई ही मानकं वर्षानुवर्षं वाचत होत्या. त्यांचा ‘यू मस्ट सेंड अस द लॉग्ज’ तिथून आला होता, शाळेतून नव्हे. मानकातला ‘मस्ट’ सॉफ्टवेअरला उद्देशून असतो. सर्व्हरने अमुक उत्तर दिलंच पाहिजे. सर्व्हरला मानापमान नसतो. तेच वाक्य ग्राहकाला लिहिलं की आपण त्याचे वरिष्ठ असल्यासारखं दिसतं.

इथे मी त्यांना दुसरा प्रश्न विचारायची सवय लावली : दडपण कुठून येतंय? बोलणाऱ्याच्या तोंडून येत असेल तर ‘मस्ट’. परिस्थितीतून, नियमातून, यंत्राच्या मर्यादेतून येत असेल तर ‘हॅव टू’ किंवा ‘नीड टू’. हा फरक काटेकोर नाही, छापील सूचनांमध्ये ‘मस्ट’ सर्रास असतो, पण माणसाने माणसाला लिहिलेल्या पत्रात तो जाणवतो. मराठीतही ‘तुम्ही लॉग पाठवलेच पाहिजेत’ आणि ‘तुम्हाला लॉग पाठवावे लागतील’ यात हाच फरक आहे. पहिल्यात मी तुमच्यासमोर उभी आहे. दुसऱ्यात आपण दोघं एका अडचणीसमोर उभे आहोत. ‘वी विल नीड द लॉग्ज टू फाइंड द कॉज’ लिहिल्यावर ग्राहकाला तेच काम करावं लागतं, फक्त हुकूम वाटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर शिकणारा ‘मस्ट’ला घाबरून बसतो. समोरच्याच्या भल्याचं किंवा आनंदाचं काही असेल तेव्हा ‘मस्ट’ प्रेमाचा असतो. ‘यू मस्ट व्हिजिट अस’ म्हणजे आपलं ‘यायलाच पाहिजे हं!’ तिथे ‘यू हॅव टू’ म्हटलं तरी चालतं, ‘यू शुड’ थोडं कोरडं होतं. एकंदरीत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात छापील इंग्रजीत ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ कमी होत गेले आणि ‘नीड टू’ वाढत गेला. 1961 मधल्या आणि 1991-92 मधल्या इंग्रजी मजकुरांचे तयार संग्रह ताडून अभ्यासकांनी हे दाखवलं आहे. अमेरिकी सरकारच्या सोप्या भाषेच्या मार्गदर्शिकेत मात्र सक्तीसाठी ‘शॅल’ टाकून ‘मस्ट’च वापरा असं सांगितलं आहे, कारण ‘शॅल’चा अर्थ वकिलांनाही एकसारखा लागत नाही. कायदेशीर सक्ती लिहिणाऱ्याला ‘मस्ट’ हवाच. ग्राहकाकडे फाइल मागणाऱ्याला नको.

डिस्क भरली असेल, असावी, असणारच

मोडलचं दुसरं मोठं खातं अंदाजाचं. इथे दडपण माणसावर नसतं, विधानाच्या खरेपणावर असतं. बाईंच्या ईमेलमध्ये अंदाजाला एकच रूप होतं, ‘मे बी’. कारण सापडलेलं असो, अर्धवट सापडलेलं असो की नुसती शंका असो, ‘द डिस्क मे बी फुल’. परिणामी ग्राहकाला वाटायचं की यांना कशाचीच खात्री नाही.

मराठीत या खात्याची शिडी फार चांगली आहे, आणि ती क्रियापदाच्या शेपटीत लपलेली असते. मी त्यांच्याच कामातला प्रसंग घेतला. सर्व्हरवर फाइल लिहिली जात नाही. अजून काहीच तपासलेलं नाही. काय म्हणाल?

“डिस्क भरली असेलही.”

‘माइट बी फुल’, किंवा ‘कुड बी फुल’. मग कळलं की कालपर्यंत जागा थोडीच उरली होती. “मग भरली असेल.” ‘मे वेल बी फुल’, किंवा सरळ ‘इज प्रॉबब्ली फुल’. मग फाइलचे हक्क तपासले, नेटवर्क तपासलं, सगळं ठीक. एकच कारण उरलं. “मग डिस्क भरलेली असणार. असणारच.” हे ‘मस्ट बी फुल’. आणि त्याच वेळी कोणी म्हणालं की कालच अर्धी डिस्क रिकामी केली आहे? “मग भरलेली असणं शक्यच नाही.” हे ‘कान्ट बी फुल’. लक्षात घ्या, ‘मस्ट नॉट बी’ नव्हे. अंदाजाच्या खात्यात ‘मस्ट’चा विरुद्धार्थी सहसा ‘कान्ट’ असतो; सक्तीच्या खात्यातला हिशेब इथे चालत नाही.

मग त्यांनी पडद्यावर डिस्क बघितली. शंभर टक्के भरलेली. आता?

“आता... डेफिनेटली मस्ट बी फुल?”

नाही. आता ‘इज फुल’. डोळ्यांनी दिसल्यावर मोडल लागतच नाही. ‘ही मस्ट बी होम’ हे ‘ही इज होम’पेक्षा कच्चं विधान आहे, पहिल्यात मी दिवे बघून तर्क केला, दुसऱ्यात मला माहीत आहे. ‘मस्ट’ शब्द जोरकस म्हणून विधानही जोरकस होईल, असं शिकणाऱ्याला वाटतं. उलट तो कबुली देतो की मी हे पाहिलेलं नाही, ताडलं आहे. या एका गोष्टीने बाईंच्या ईमेलचा पोत सगळ्यात लवकर बदलला, असं मला वाटतं. त्या आता आधी पुरावा लिहितात, मग त्या पुराव्याला झेपेल तेवढंच मोडल लावतात.

होऊन गेलेलं

भूतकाळात गाडी अडते, कारण मोडलना नीट भूतकाळ नाही. याचं मूळ इतिहासात आहे. कॅन, मे, शॅल यांची वर्तमानकाळातली रूपं मुळात फार जुन्या भूतकाळी रूपांपासून आलेली आहेत; म्हणून त्यांना ‘ही’, ‘शी’पुढे एस लागत नाही. ‘मस्ट’ तर एका जुन्या क्रियापदाचं सरळ भूतकाळी रूपच होतं, जे पुढे वर्तमानासाठी वापरात आलं. मग त्याचा भूतकाळ कुठून आणणार? सक्ती असेल तर ‘हॅड टू’ उसना घ्यावा लागतो, अंदाज असेल तर ‘मस्ट हॅव’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आम्हाला सर्व्हर बंद करावा लागला’ : ‘वी हॅड टू शट डाउन द सर्व्हर’. ‘त्यांनी सर्व्हर बंद केला असणार’ : ‘दे मस्ट हॅव शट डाउन द सर्व्हर’.

मोडलना मूळ रूप नसतं हेही त्याच घराण्याचं लक्षण. म्हणून ती एकमेकांवर चढत नाहीत. ‘यू विल कॅन’ होत नाही, ‘यू विल बी एबल टू’ होतं; आणि ‘कॅन’ असताना ‘एबल टू’ दुसऱ्यांदा तेच सांगतो. बाईंच्या ‘कॅन एबल टू’ला एवढं स्पष्टीकरण पुरलं.

‘हवं होतं’ची रचना मराठीत आणि इंग्रजीत जवळजवळ समांतर चालते. बॅकअप घ्यायला हवा होता : ‘यू शुड हॅव टेकन अ बॅकअप’. एक गंमत मात्र इथेही आहे. ‘तुम्ही फोन करायला नको होता’ याचे इंग्रजीत दोन रस्ते होतात. फोन केल्याने घोटाळा झाला असेल तर ‘यू शुडन्ट हॅव कॉल्ड’. उगाच त्रास घेतलात, काम आधीच झालं होतं, असं असेल तर ‘यू नीडन्ट हॅव कॉल्ड’. पाहुणचाराच्या सुरात म्हणायचं वाक्य चुकून दटावणीच्या सुरात जाऊ शकतं.

पण जुन्या ईमेलमधला सगळ्यात बोलका नमुना वेगळाच होता. बाईंच्या टीमने रात्रभर खपून ग्राहकाचा हरवलेला डेटा परत मिळवला होता. सकाळी ईमेल गेला, ‘वी कुड रिस्टोर द डेटा फ्रॉम द बॅकअप.’ मनात होतं, ‘आम्ही डेटा परत आणू शकलो.’ ग्राहकाचं उत्तर आलं, ‘येस प्लीज, गो अहेड.’

बाईंना ते उत्तर तेव्हा विचित्र वाटलं होतं, कारण कळलं नव्हतं. ‘कुड’ दिसायला ‘कॅन’चा भूतकाळ आहे, पण एका ठरावीक वेळी एखादी गोष्ट साधली हे सांगायला होकारी वाक्यात तो चालत नाही. तिथे ‘वी वेअर एबल टू रिस्टोर’, ‘वी मॅनेज्ड टू रिस्टोर’, किंवा अगदी साधं ‘वी रिस्टोअर्ड’. ‘कुड’ भूतकाळात चालतो तो कायमच्या क्षमतेसाठी : ती लहानपणीच वाचू शकायची, ‘शी कुड रीड’. पाहणं, ऐकणं, आठवणं यांच्याबरोबर चालतो : ‘आय कुड हिअर देम’. नकारात तर बिनधास्त चालतो : ‘वी कुडन्ट रिस्टोर’. पण होकारी, एकवेळच्या यशासाठी ‘कुड’ लिहिला की वाचणारा तो ‘शकू’ असा वाचतो, म्हणजे प्रस्ताव. मराठीत शकतो, शकू, शकलो, शकलो असतो अशी चार वेगळी रूपं आहेत. ती सगळी एका ‘कुड’मध्ये कोंबली तर ग्राहकाने ओळखायचं तरी काय?

बोलताना ‘कॅन’

फोनवरच्या एका अडचणीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिचा व्याकरणाशी संबंध नाही. बाई ‘वी कॅन डू इट टुडे’ म्हणायच्या आणि पलीकडून विचारणा व्हायची, ‘यू कॅन, ऑर यू कान्ट?’ आपण प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक होकारी ‘कॅन’ जवळजवळ गिळतात, ‘कन्’ असा, आणि जोर पुढच्या क्रियापदावर देतात. नकारात मात्र स्वर पूर्ण येतो, आणि अमेरिकी बोलीत शेवटचा ट बहुतेक वेळा ऐकूच येत नाही. मग ठासून म्हटलेला ‘कॅन’ त्यांना नकार वाटतो. उपाय दोन : होकारात जोर ‘डू’वर द्यायचा आणि नकारात पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणायचं. आठवडाभर त्यांनी फोनवर तेवढंच सांभाळलं आणि विचारणा थांबल्या.

अडून बसलेला ‘वुड’

‘आय वुड सेंड द रिपोर्ट टुमॉरो’ ही सवय मात्र सहजासहजी सुटत नाही. ही लकब एकट्या बाईंची नाही. इंग्रजीच्या भारतीय रूपात ‘विल’च्या जागी ‘वुड’ बराच ऐकू येतो. कारण समजण्यासारखं आहे. ‘वुड यू हेल्प मी?’ हे ‘विल यू हेल्प मी?’पेक्षा अदबशीर, हे आपल्याला शिकवलेलं असतं. मग ‘आय वुड’ हेही ‘आय विल’पेक्षा अदबशीर असणार, असा हिशेब मनात होतो.

पण अदब येते कुठून? ‘वुड’ आणि ‘कुड’ विधानाला वास्तवापासून एक पाऊल लांब नेतात. समोरच्याला काही मागताना ते पाऊल त्याच्या उपयोगाचं असतं. त्याला नाही म्हणायला जागा मिळते. स्वतः शब्द देताना मात्र ती जागा आपल्यालाच मिळते. ‘आय वुड सेंड’ ऐकणारा पुढच्या ‘इफ’ची किंवा ‘बट’ची वाट बघत राहतो : पाठवला असता, पण? पाठवेन, पण कधी, कशावर अवलंबून? जिथे वचन द्यायचं तिथे ‘विल’च. नुसत्या ‘विल’ने काही उद्धटपणा होत नाही.

बाईंना हे पटलं आहे, तरी घाईच्या दिवशी ‘वुड’ परततो. ईमेल पाठवण्याआधी प्रत्येक ‘वुड’पाशी थांबून त्या आता विचारतात, यामागे दडलेला ‘जर’ मला सांगता येतो का? ‘इट वुड बी बेटर टू वेट’मध्ये सांगता येतो : थांबलात तर बरं होईल. ‘आय वुड कॉल यू अॅट फाइव्ह’मध्ये नाही, तेव्हा ‘विल’. प्रश्नार्थक विनंती आणि ‘वुड लाइक टू’ यांना या तपासणीतून वगळलं आहे.

याच्या नेमकी उलट चूक बैठकीच्या टिपणांमध्ये होते. ‘ग्राहक म्हणाले की ते लॉग पाठवतील’ हे मराठी वाक्य बोलणाऱ्याचा काळ जसाच्या तसा ठेवतं, म्हणून बाई लिहितात, ‘दे सेड दे विल सेंड द लॉग्ज.’ गेल्या महिन्यातल्या बैठकीचं टिपण असेल तर इथे खरोखरच ‘वुड’ हवा. लॉग अजून यायचे असतील आणि आश्वासन आजही उभं असेल तर ‘विल’ खपून जातो, आणि हीच सवलत त्यांना गोंधळात टाकते. बाकीच्या मोडलांच्या चुका नव्या ईमेलमध्ये आता क्वचितच दिसतात, आणि रिकाम्या जागांची चाचणी मी त्यांना पुन्हा दिलेली नाही. सध्या आम्ही फक्त ही टिपणं घेऊन बसतो : कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, आणि ते अजून व्हायचं आहे का, एवढं समासात मराठीत लिहायचं आणि मग इंग्रजी वाक्याला हात घालायचा.